गोंद वाळेपर्यंत

१

“आत्या, फाइलमध्ये नुसते कोरे कागद आहेत गं!”

भाचीचा फोन आला तेव्हा आत्या गच्चीत कपडे वाळत घालत होती. तोंडात धरलेला चिमटा तिने काढला आणि म्हणाली, “रडू नकोस. आधी सांग, किती कागद आहेत?”

“आता कागद मोजत बसू का मी?”

“मोज. आणि कुणाला हात लावू देऊ नकोस. मी आलेच.”

ओले कपडे बादलीत तसेच राहिले. आता आत्या म्हणजे काय चीज आहे हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एकतीस वर्षं कोर्टाच्या दप्तरखान्यात काढलेली बाई. तिच्या कारकिर्दीत फाइल हरवली आणि सापडली नाही, असं एकदाही झालं नाही. शोधून दिल्याबद्दल कुणी आभार मानायला आलं की ही फाडकन म्हणायची, “आभार कसले? काम केलंय, उपकार नाही केले.” स्वतःही कधी कुणाचे आभार मानायची नाही. निवृत्तीच्या दिवशी सगळं ऑफिस तिच्याबद्दल तासभर भरभरून बोललं. उत्तराला ही उठली, “जाताना पंखे बंद करा,” एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

पण आज प्रकरण दप्तरखान्यातलं नव्हतं, घरचं होतं. भाचीचे वडील म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, दादा. चौदा महिन्यांपूर्वी त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं जड झालं. साध्या गाडीत उचलून बसवताना खांदा इतका ठणकायचा की त्याने घराबाहेर पडायचं नावच टाकलं. शहरापासून चाळीस किलोमीटरवर एक उपचार केंद्र होतं. हात-पाय परत हवे असतील तर तिथे जायला हवं आणि आत्ताच जायला हवं, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. मोठ्या मिनतवारीने सोमवारपासूनची जागा मिळाली होती. सोमवारी दादा हजर नसला तर ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती.

त्यासाठीच तर गाडी घेतली होती. माणसाला खुर्चीसकट आत घेणारी, मागे लिफ्ट असलेली. तशी गाडी इथे मिळेना, म्हणून भाचीने शेजारच्या राज्यातला डीलर गाठला. एका बंद पडलेल्या रुग्णालयाच्या दोन पांढऱ्या गाड्या त्याच्या आवारात शेजारी शेजारी उभ्या होत्या, जुळ्या बहिणींसारख्या. त्यातली एक घेऊन भाची पाच तास एकटी चालवत आली होती. गाडीचा तात्पुरता परवाना शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता संपत होता. तोवर इथल्या नोंदणी कार्यालयात नोंद झाली नाही, तर गाडी रस्त्यावर आणता येणार नव्हती. आणि आज गुरुवार होता.

२

नोंदणी कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीशी भाची लाल डोळ्यांनी उभी होती.

“सत्तावीस,” ती म्हणाली. “बरोब्बर सत्तावीस कागद आहेत, आत्या. मी सोमवारी दिलेलेही सत्तावीसच होते. पावतीवर लिहिलंय.”

आत्याने फाइल हातात घेतली. मुखपृष्ठ तेच होतं, खिडकीवाल्या बाईंच्या अक्षरातला क्रमांकही तोच. नाडी नीट बांधलेली. आत मात्र पांढरेशुभ्र कागद. तिने त्यातला एक चिमटीत धरून उजेडाकडे नेला. कागद पातळ होता, मागचं बोट दिसेल इतका. आणि फाइल फुगीर दिसावी म्हणून प्रत्येक कागद मधोमध दुमडलेला होता.

“त्यात दुसऱ्या राज्याचा ना-हरकत दाखला होता हो,” भाची म्हणाली. “मूळ प्रत. हरवली तर नवी मिळायला सहा आठवडे!”

खिडकीवाल्या बाईंचा चेहरा कडक होता. त्यांनी रजिस्टर आत्यासमोर फिरवलं. “बघा मावशी, माझ्याकडून काही चूक नाही. सोमवारी फाइल जमा. मंगळवारी मागच्या आवारात गेली, छाप घ्यायला. मंगळवारी चार वाजता परत आली. आज सकाळी साहेबांकडे पाठवायची म्हणून उघडली तर हे!”

“छाप म्हणजे?”

“चासी नंबरचा. प्रत्येक गाडीच्या लोखंडावर कारखान्यातच नंबर कोरलेला असतो ना, त्यावर कागद धरून पेन्सिल घासायची. नंबर उमटतो. डीलरकडचा छाप फाइलमध्ये आलेला असतो. आमचे पेन्सिलकाका इथे दुसरा घेतात आणि त्याच्याखाली चिकटवतात. मग साहेब दोन्ही ताडून बघतात आणि सही करतात.”

“मंगळवारी चारला फाइल परत आली, तर बुधवारी का नाही पाठवली साहेबांकडे?”

“काकाच म्हणाले, गोंद ओला आहे, एक-दोन दिवस उघडू नका, छाप निघून येईल.”

एकतीस वर्षांत आत्याने किती कागद चिकटवले असतील याची गणतीच नव्हती. कितीही कंजूषपणाने बनवलेला गोंद असला तरी पाव तासात वाळतो.

“कुठे आहेत हे तुमचे पेन्सिलकाका?”

बाईंनी नजर खाली वळवली. “रजेवर. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.”

३

तपासणी करणारे साहेब आपल्या खोलीत टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर पुसत होते. भाचीचं सगळं ऐकण्याआधीच त्यांनी एक कोरा फॉर्म पुढे सरकवला.

“लेखी तक्रार द्या. संशय कुणावर आहे ते लिहा. बाकी मी बघतो.”

“संशय तुमच्यावर असेल तर?” आत्याने विचारलं.

भाचीने कपाळाला हात लावला. साहेब मात्र चिडले नाहीत, उलट त्यांना जरा मौज वाटली.

“बाई, मला फाइल अडवायची असेल तर चोरी कशाला करू? ‘त्रुटी’ एवढा एक शब्द लिहिला की फाइल सहा महिने इथेच झोपते. आणि दोन छाप जुळले नाहीत तर तेवढंही लागत नाही. गाडी आहे तिथेच जप्त करायची, चौकशी होईपर्यंत. तो नियमच आहे, माझ्याही हातात नाही. वर्षभरात चार गाड्या अशा धरल्यात मी. पण तुमची फाइल माझ्यापर्यंत आलीच नाही. जी मी पाहिलीच नाही, तिच्याबद्दल काय सांगू?”

फॉर्म पिशवीत टाकून आत्या बाहेर पडली. भाची केंद्राला फोन करायला पायऱ्यांवर थांबली, दोन दिवस उशीर चालेल का ते विचारायला. तेवढ्यात रस्त्यापलीकडून एजंट हसत हसत आला. त्याच्या दुकानावर पुरुषभर उंचीची पाटी होती आणि तिच्यावर त्याचा फोन नंबर एवढ्या मोठ्या आकड्यांत रंगवला होता, की रस्त्यावरच्या माणसाने नाही म्हटलं तरी तो पाठ व्हावा. सोमवारी हाच एजंट भाचीच्या मागे लागला होता, आणि तिने नको म्हटल्यावर “बघा हं ताई, आमच्याशिवाय इथे पान हलत नाही,” असं म्हणाला होता. आत्याने त्याला मनातल्या मनात केव्हाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं.

“मावशी, ऐकलं मी. फार वाईट झालं.”

“वाईट झालं की तुम्ही केलंत?”

एजंटचं हसू मावळलं. “तुम्ही मला चोर म्हणा, चालेल. पण मूर्ख म्हणू नका. ताईंची फाइल मी पळवली असती, तर त्याच दिवशी बोंब झालेली मला हवी असती. लगेच ताई धावत माझ्याकडे आल्या असत्या. आत कोरे कागद भरून दोन दिवस गप्प बसण्यात माझा काय फायदा?”

बोलणं बिनतोड होतं. आत्याला ते मुळीच आवडलं नाही.

“मग पेन्सिलकाकांचं काय? त्यांना शेवटचं कधी पाहिलंत?”

एजंट घुटमळला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “मंगळवारी संध्याकाळी. बसस्टँडवर. शर्टाच्या आत काहीतरी चपटं लपवलेलं होतं. मी हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं केलं आणि बसमध्ये चढले.”

“कुठल्या बसमध्ये?”

“तुमची गाडी जिथून आली ना मावशी, त्याच गावच्या.”

४

मागच्या आवारात एक पत्र्याची पडवी होती. तिच्याखाली पेन्सिलकाकांचं स्टूल रिकामं होतं. स्टुलाखाली लाकडी पेटी, तिला कुलूप नव्हतं. खिडकीवाल्या बाई मागोमाग आल्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, “उघडा मावशी. लपवण्यासारखं काही नसतं त्यांच्याकडे.”

पेटीत तासलेल्या पेन्सिली होत्या, गोंदाची बाटली होती आणि पातळ कागदांचा गठ्ठा होता. आत्याने एक कागद बोटांत चुरून पाहिला. तोच! फाइलमधले सत्तावीस कागद याच गठ्ठ्यातून निघाले होते.

म्हणजे हात कुणाचा ते नक्की झालं. आणि विचार केला तर दुसऱ्या कुणाचा असणार? बाईंच्या हातात रजिस्टर होतं, त्यात खोटी नोंद केली की झालं. साहेबांच्या हातात पेन होतं. एजंटला बोंब हवी होती. ज्याच्या हातात रजिस्टर नाही, सही नाही, ज्याला फक्त दोन-तीन दिवस फाइल कुणी उघडू नये असं वाटतं, त्याच्यावरच अशी खोटी फाइल भरून ठेवायची वेळ येते. आणि तीही नीट मोजून, सत्तावीसच्या सत्तावीस.

पेटीच्या तळाशी एक जाड वही होती. “हे काय?”

“त्यांची सवय,” बाई म्हणाल्या. “प्रत्येक गाडीचा छाप दोनदा घेतात. एक फाइलमध्ये, एक आपल्या वहीत, तारखेसह. कुणी सांगितलेलं नाही. सगळेच छापवाले ठेवतात म्हणे अशी वही.”

आत्याने शेवटचं पान उघडलं. मंगळवारची तारीख, भाचीचं नाव आणि खाली राखाडी आकड्यांची पट्टी. शेवटचे दोन आकडे तेवीस.

वही उघडी धरून ती तडक आवारात उभ्या असलेल्या गाडीपाशी गेली. गाडीच्या काचेवर तात्पुरता परवाना चिकटवलेला होता. डीलरच्या कागदांवरून बनलेला, त्यामुळे त्यावर कागदांमधला चासी नंबर होता. तिने चष्मा पुसला आणि एकेक आकडा बोटाने ताडून पाहिला. सगळे जुळत होते. फक्त शेवटचे दोन सोडून.

कागदावर सतरा. लोखंडावर तेवीस.

गाडी कागदांमधली नव्हतीच! चोरीचा माल भाचीच्या गळ्यात मारला होता की काय? आणि तो पेन्सिलवाला पुरावा घेऊन डीलरकडे पळाला होता, त्यांचा माणूस म्हणून?

“काय गं आत्या?” भाची समोरून येत होती. “ते म्हणाले, सोमवार म्हणजे सोमवार. काही सापडलं का तुला?”

आत्याने वही पदराआड केली. “नाही,” ती म्हणाली. “चल घरी.”

५

दुपारी भाची औषधं आणायला गेली, तेव्हा दादा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. आत्या त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली. दादा आयुष्यभर कापडाच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. बंद दाराबाहेरून आवाज ऐकून कुठलं चाक घासतंय ते सांगायचा.

“दादा, गाडी घेतली त्या दिवसाचं मला सगळं सांग. सावकाश सांग, मला घाई नाही.” खरं तर तिला घाईच घाई होती.

दादा एकेक शब्द गोळा करत बोलला. “फोन... केला हिने. दोन गाड्या... म्हणाली. कुठली... घेऊ?”

“मग?”

“लिफ्ट... चालवून... ऐकव, म्हटलं. डावी... करकरत होती.” त्याने तोंड वाकडं केलं. “उजवी... गप्प. म्हटलं... उजवी घे.”

“म्हणजे आधी डावी ठरली होती?”

“डावीचे... कागद... झाले होते. माणूस... कुरकुरला. म्हणाला... बदलतो.” दादा हसला. “बदलले... असतील.”

आत्याने दादाचा लुळा हात घट्ट धरला.

बदललेच नव्हते! डावीचा छाप घेऊन झाला होता, कागद रंगले होते, आणि ऐन वेळी एका जुन्या मेकॅनिकने फोनवरून कान लावून गाडी बदलायला लावली. गाडी उजवी आली, कागद डावीचे आले. चोर कुणीच नव्हतं. चूक झालीच असेल तर ती दादाच्या तरबेज कानाची.

आणि पेन्सिलकाका? मंगळवारी एका छापाखाली दुसरा चिकटवताना त्याला ते दिसलं असणार. तशीच फाइल पुढे गेली असती तर साहेबांना गाडी जागच्या जागी जप्त करावी लागली असती. म्हणून खरे कागद घेऊन तो दुरुस्त करायला गेला.

पण मग भाचीला सांगून का नाही गेला? एक ओळ लिहून ठेवायला काय झालं होतं? आत्या यावर बराच वेळ अडली. दारात चप्पल वाजली आणि भाचीने आत येऊन विचारलं, “आत्या, खरंच काही कळलं नाही का गं?”

“नाही गं,” आत्या म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला उत्तर सापडलं. नोंदणीच्या अर्जावर भाचीला सही करून द्यायचं होतं की माझ्या माहितीप्रमाणे कागद आणि गाडी एकच आहेत. चूक कळली असती तर पोरीला एक तर खोटी सही करावी लागली असती, नाहीतर गाडी सोडावी लागली असती. तिला न सांगण्यातच तिचं भलं होतं. त्याने जे केलं तेच आत्या आत्ता करत होती.

हे सगळं पटण्यासारखं होतं. फक्त हे खरंच आहे याला पुरावा काहीच नव्हता.

६

शुक्रवारी दुपारी तीन वाजता साहेबांनी आत्याला आत बोलावलं.

“तक्रार आणलीत? पेन्सिलवाल्याबद्दल मीही ऐकलंय. तुम्ही लिहून दिलंत तर त्याची परवानगी मी आजच रद्द करतो आणि तुमचं प्रकरण वर पाठवतो. वरून कदाचित मुदत वाढवून मिळेल. लिहिलं नाहीत तर पाचनंतर मी काहीही करू शकत नाही.”

फॉर्म पिशवीतच होता. पेनही होतं. न पाहिलेल्या एका माणसावर भरवसा ठेवायचा, आणि तो चुकला तर दादाच्या हात-पायांचं मोल द्यायचं. एकतीस वर्षं आत्याने माणसांवर नाही, कागदांवर विश्वास ठेवला होता. पण तिच्या डोळ्यांसमोर सारखे ते सत्तावीस कागद येत होते. नुकसान करायला निघालेला माणूस इतक्या निगुतीने मोजत बसत नाही.

“माझी काही तक्रार नाही,” कोरा फॉर्म टेबलावर ठेवत ती म्हणाली. “फाइल आज येईल.”

“कोण आणणार आहे?”

“ज्याचा गोंद वाळायचा राहिलाय तो.”

साहेबांनी फॉर्म परत घेऊन खणात टाकला. “पाचपर्यंत मी इथेच आहे,” ते म्हणाले.

चार वाजले. सव्वाचार झाले. भाचीने नखं कुरतडून संपवली. पलीकडे एजंटच्या दुकानाचं शटर खाली होतं आणि त्याची स्कूटर जागेवर नव्हती. खिडकीवाल्या बाईंनी बाकीच्या लोकांची कामं भराभर उरकली आणि खिडकी मात्र उघडीच ठेवली. साडेचार झाले. आत्याचा धीर सुटत चालला. आपण सही न करून दादाला बुडवलं, असं तिला वाटायला लागलं होतं.

पाचला अठरा मिनिटं कमी असताना फाटकातून एजंटची स्कूटर धाडधाड आत घुसली. मागे एक किडकिडीत म्हातारा बसला होता, केस धुळीने पांढरे आणि दोन्ही हात छातीवर घट्ट आवळलेले. उतरताना त्याचा तोल गेला, तो एजंटने सावरला. कुणाशी काही न बोलता म्हातारा खिडकीशी आला, शर्टाच्या आतून कागदांचा चपटा गठ्ठा काढला आणि बाईंपुढे ठेवला.

“आता गोंद वाळलाय,” पेन्सिलकाका म्हणाले.

साहेबांनी दोन छाप शेजारी धरले. वर तेवीस, खाली तेवीस. दाखल्यावर तेवीस, त्यावर तिकडच्या कार्यालयाची दुरुस्तीची सही आणि शिक्का. त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा आत्याकडे, आणि सही केली. भाचीनेही आपली सही केली, बिनघोर, कारण ती आता शंभर टक्के खरी होती. चार छप्पन्नला बाईंच्या यंत्रातून नोंदणीची चिठ्ठी बाहेर आली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मग पडवीखाली बसून आत्याने काकांकडून सगळं काढून घेतलं. त्यांचे शब्द इतके मोजके, की दर वाक्याला तिला टोचावं लागलं.

“गाडी चोरीची नाही, हे कशावरून ओळखलंत?”

“बोटांना कळतं. चोर आकडा घासतात, नवा कोरतात. इथल्या लोखंडाला कुणी हात लावलेला नव्हता. आकडे खरे, कागदही खरे. फक्त एकमेकांचे नव्हते.”

“आणि दुरुस्ती एवढ्यात कशी झाली?”

“तिकडे एक छापवाला आहे. एकोणीस वर्षं त्याच्या पट्ट्या माझ्याकडे येतात. कोपरे गोल कापतो. कधी भेटलो नव्हतो. जाऊन भेटलो.” काकांना पहिल्यांदाच हसू आलं. “त्याच्या वहीत दोन्ही गाड्या होत्या, तारखेसह. ती बघून डीलरही गप्प झाला आणि तिकडचे साहेबही. तरी दोन दिवस गेले. येताना बस बंद पडली. रस्त्यात एकाचा फोन मागितला. मला पाठ असलेला नंबर एकच.” त्यांनी समोरच्या पाटीकडे बोट दाखवलं. “रोज तोच बघतो ना.”

एजंटने लाजून मान खाजवली. “बाहेरगावचं गिऱ्हाईक म्हणून उचलला फोन, तर हे! मग काय करणार, गेलो.”

“पण का?” आत्याने विचारलं. “कोण लागतो आम्ही तुमचे? पकडले गेला असता तर तुमचं हे स्टूलसुद्धा गेलं असतं.”

काका थोडा वेळ अंगठ्यावरची काजळी पुसत राहिले. “या गाडीचा नंबर सीटखाली आहे, आतल्या बाजूला. जमिनीवर आडवं होऊन घासावं लागतं. लोक उभे राहतात, घाई करतात. तुमची पोर माझ्या शेजारी आडवी झाली, विजेरी धरून. बडबड करत होती. बाबा सोमवारी बाहेर पडणार, चौदा महिन्यांनी. फार खुशीत होती. ती गेल्यावर मी पट्टी चिकटवली आणि बघितलं. मग बसवेना.”

आत्याने काहीतरी बोलायला हवं होतं आणि बोलायची सवय नव्हती. “पाणी घेता का?” एवढंच ती म्हणाली, आणि रात्रभर स्वतःवर चरफडत राहिली.

७

सोमवारी सकाळी पांढरी गाडी निघाली. मागे खुर्चीत दादा, शेजारी आत्या. केंद्राच्या रस्त्याला लागायच्या आधीच आत्या म्हणाली, “गाडी नोंदणी कार्यालयात घे.”

“आत्या, अकराला पोचायचंय!”

“दोन मिनिटांचं काम आहे.”

पडवीपाशी लिफ्ट खाली आली, जराही आवाज न करता. दादाने डावा हात पुढे केला आणि काकांनी तो आपल्या काळ्या हातांत घेतला. दोघंही बोलणारे नव्हते, तेव्हा त्यांचं तेवढ्यात भागलं. आत्या मात्र गुडघ्यांची कुरकुर ऐकत काकांच्या स्टुलाशेजारी जमिनीवरच बसली.

“एकतीस वर्षं मी लोकांना ऐकवत आले, काम केलंय, उपकार नाही केले,” ती म्हणाली. “तुम्ही दोन्ही केलंत. मी तुमची फार फार आभारी आहे.”

म्हणून झालं, आणि तिचे डोळे वाहायला लागले. ते पुसून ती उठली, पण गाडीकडे आली नाही. तीन नंबरच्या खिडकीशी जाऊन तिने खिडकीवाल्या बाईंचे आभार मानले, खिडकी उघडी ठेवल्याबद्दल. तिथून साहेबांच्या खोलीत गेली, फॉर्म खणात टाकल्याबद्दल. मग रस्ता ओलांडून एजंटच्या दुकानात शिरली आणि त्याला चोर ठरवल्याबद्दल आधी माफी मागून नंतर आभार मानले. एजंट इतका गांगरला, की त्याने तिला बसायला स्वतःची खुर्ची दिली. परत येताना फाटकावरच्या रखवालदाराचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नव्हता, तरी त्याचेही मानले.

केंद्रावर पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. दारातच उभ्या असलेल्या उपचार करणाऱ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. “पहिल्याच दिवशी उशीर? काय झालं?”

भाचीने तोंड उघडलं, पण दादाने डावा हात वर करून तिला थांबवलं. चौदा महिन्यांत परक्या माणसाशी तो स्वतःहून बोलला नव्हता.

“हिचे...” बहिणीकडे बघत तो एकेक शब्द जुळवत म्हणाला, “हिचे... आभारच... संपेनात.”